विमानाच्या आतली बाजू

विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींत दोन पंथ आहेत. एक बाहेरचा आणि एक आतला. बाहेरच्या पंथाचे लोक रंग, खुणा, पंखांवरील वर्तुळे, धुराचे काळे ओघळ यांत रमतात. त्यांचे विमान कपाटात ठेवले की चार हातांवरून पाहणाऱ्याचेही समाधान होते. आतल्या पंथाचे लोक मात्र विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग एकमेकांस चिकटवण्यापूर्वी महिनेच्या महिने त्याच्या पोटात घालवतात. वैमानिकाची बैठक, तिचे पट्टे, यंत्रफलक, नळ्या, तारा, तरफा हे सारे ते कोऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यातून आणि घरच्या अडगळीतून हाताने घडवतात. मग धड मिटते, आणि केलेल्या कामातले निम्म्याहून अधिक काम पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

आम्ही या दुसऱ्या पंथाचे. 'जे दिसणारच नाही ते करायचे कशाला?' हा प्रश्न आम्हांस घरच्यांनी, मित्रांनी आणि एकदा टपाल घेऊन आलेल्या पोस्टमननेही विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. 'हौस' या एका शब्दात त्याची बोळवण करता येते. पण हौसेलाही काही कारण असतेच, आणि ते शोधावे एवढाच या लेखाचा हेतू.

विमान कोणते, हे आधी सांगितले पाहिजे. ब्रिटनचे 'स्पिटफायर' हे लढाऊ विमान ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले. त्याचा आराखडा करणारे रेजिनाल्ड मिचेल पुढल्याच वर्षी, १९३७ साली, वारले. आपल्या विमानाची कीर्ती त्यांस पाहावयास मिळाली नाही. १९४० साली ब्रिटनवर हवाई संकट कोसळले तेव्हा ५००० पौंड देणाऱ्याच्या नावाने एक स्पिटफायर नोंदवण्याची योजना निघाली. खरा खर्च त्याहून बराच अधिक होता, पण आकडा सुटसुटीत होता. साम्राज्यभरातून वर्गण्या आल्या आणि आपल्याकडील संस्थानिकांनीही मोठ्या रकमा दिल्या. निजामांच्या देणगीमुळे १५२ क्रमांकाची तुकडी 'हैदराबाद' या नावाने ओळखली गेली, आणि तिच्या बोधचिन्हात निजामांचे शिरोभूषण आले. आमच्या बडोद्याचे नाव १२४ क्रमांकाच्या तुकडीला मिळाले. ही 'बडोदा' तुकडी मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाशी, कॅसलटाउन येथे, पहिल्या प्रकारच्या स्पिटफायर विमानांनिशी उभी राहिली.

ज्या शहरात चार पिढ्या गेल्या त्या शहराचे नाव तिकडच्या थंड वाऱ्यात वावरत होते, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. आजही खुद्द बडोद्यात ती फारशी कोणास ठाऊक नाही. कळल्यावर मात्र एक विचार मनातून जाईना. अशा देणगीच्या विमानांवर देणाऱ्याचे नाव बाहेरच्या अंगावर रंगवीत. आत जो बसे तो बहुधा विशीतला कोणी परका मुलगा. त्याने बडोदे पाहिलेले नसे आणि बडोद्याने त्याला. बाहेरचे नाव आमचे, आतली जागा त्याची. त्या आतल्या जागेविषयी आपल्याला काय ठाऊक आहे?

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १:२४ प्रमाणातले स्पिटफायर प्रथम १९७० साली काढले. आमच्या कामाचा पाया तोच. या प्रमाणात विमानाची लांबी सुमारे ३८ सेंटिमीटर आणि पंखांचा विस्तार सुमारे ४७ सेंटिमीटर भरतो. खऱ्या विमानातला एक इंच म्हणजे इथे मिलिमीटरहून किंचित अधिक. हिशेब ऐकायला सोपा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकची भिंत दीड मिलिमीटर जाड धरली, तर ती खऱ्या विमानात ३६ मिलिमीटर होते. खऱ्या विमानाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरच्या आसपास! आपण तसेच पुढे गेलो तर विमान न होता तिजोरी होईल. म्हणून पहिले काम घडवण्याचे नसून खरवडण्याचे. दाराच्या आणि खिडकीच्या कडा आतून कानशीने आणि पॉलिश पेपरने इतक्या झिजवायच्या की दिव्यासमोर धरल्यावर त्यांतून उजेड दिसावा.

दुसरे काम मोडण्याचे. प्रतिकृतीत पुष्कळदा वैमानिकाच्या पायांखाली सपाट जमीन दिलेली असते. स्पिटफायरला तशी जमीनच नव्हती. सुकाणूच्या पेडलांपाशी टाचा टेकवण्यापुरत्या पट्ट्या, आणि त्यांखाली थेट विमानाचे पोट. हातातली पेन्सिल निसटली की ती खाली अंधारात गेली. पुढे विमान उलटे झाले की खाली साचलेली धूळमाती वर, म्हणजे तोंडावर येई. ती सपाट जमीन कापून काढली तेव्हा त्या जागेचे सारे रूपच पालटले. तोवर ती एक छोटी खोली वाटत होती. आता ती विहिरीवर टांगलेल्या पाटासारखी दिसू लागली.

त्यानंतर भरणी सुरू झाली. धडाच्या बरगड्या पाव मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या प्लास्टिक पत्र्याच्या. बैठकीची चौकट तांब्याच्या तारेची. ही तार मोटारवाइंडिंगच्या दुकानात कचऱ्याच्या भावाने मिळते, आणि ती जितकी बारीक हवी तितकी मिळते. पातळ धातूसाठी छापखान्यातल्या ऑफसेटच्या वापरलेल्या ॲल्युमिनियम पाट्या. दांडिया बाजारातल्या एका छापखानेवाल्यांनी आम्हांस त्या पुष्कळ दिल्या. एका पाटीच्या पाठीवर लग्नपत्रिकेचा मजकूर उलट्या अक्षरांत अजून शिल्लक होता, आणि त्याच पाटीतून वैमानिकाच्या पाठीमागची चिलखती फळी कापली गेली. बारीक नळ्यांसाठी प्लास्टिकची काडी ज्योतीवर मऊ करून केसाएवढी ताणायची असते. त्यासाठी देवघरातले निरांजन वापरण्यास घरातून सक्त मनाई झाल्याने आम्ही एक स्वतंत्र मेणबत्ती बाळगून आहो.

या भरणीत सर्वांत अधिक वेळ घेतला तो यंत्रफलकाने. त्याच्या मध्यभागी सहा तबकड्या: वरच्या ओळीत वेग, कृत्रिम क्षितिज आणि चढ-उतार, खालच्या ओळीत उंची, दिशा आणि वळण. ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांत हीच सहा, याच क्रमाने असत, म्हणजे एका विमानातून दुसऱ्यात गेलेल्या वैमानिकाच्या डोळ्यांना ती शोधावी लागत नसत. आमच्या फलकावर प्रत्येक तबकडी साडेतीन मिलिमीटरांच्या आतबाहेर. आधी भोके पाडलेली पातळ पाटी, तिच्यामागे काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषांची फिल्म, तिच्यामागे पांढरा रंग, आणि पुढून प्रत्येक भोकात वार्निशचा एक थेंब, तीच काच. भिंगाखाली पाहिले तर काटे दिसतात. भिंग दूर केले की सहा काळे टिकलीएवढे डोळे आपल्याकडे पाहत असतात.

या फलकाच्या लगेच पलीकडे काय होते हे आम्हांस तो जागेवर बसवताना उमगले, कारण तिथे जागा सोडावी लागली. तिथे पेट्रोलच्या दोन टाक्या, एकावर एक, मिळून ८५ गॅलनांच्या. म्हणजे पावणेचारशे लिटरांहून अधिक पेट्रोल वैमानिकाच्या गुडघ्यांपुढे. वाचलेल्या पुस्तकांत ही माहिती होतीच. पण मापे घेऊन ती टाकी कागदावर आखली आणि तिच्यापुढे बोटाच्या पेराएवढी बैठक ठेवली, तेव्हा ती नुसती माहिती राहिली नाही. त्या काळी पेटलेल्या विमानांतून जे वाचले त्यांचे चेहरे आणि हात जळालेले असत. इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेड येथे शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी अशा मुलांवर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या रुग्णांनी १९४१ साली स्वतःच आपले एक मंडळ काढून त्यास 'गिनीपिग क्लब' असे नाव दिले. प्रयोगाचे प्राणी आम्हीच, हा त्यातला विनोद.

बैठक पाहा. ती घमेल्यासारखी खोल असते, आणि रिकामी असली की गैरसोयीची वाटते. कारण असे की वैमानिक आपल्या घडी घातलेल्या हवाई छत्रीवरच बसत असे. ती छत्री हीच गादी. तो उतरला की गादीही त्याच्याबरोबर जाई. पट्टे चार: दोन खांद्यांवरून, दोन मांड्यांवरून. त्या कॅनव्हासच्या पट्ट्यांत पितळी कड्यांची भोके, आणि चारही पट्टे पोटाशी एका खिळीत अडकवलेले. आमचे पट्टे चिकटपट्टीचे, दोन मिलिमीटर रुंद. भोके सुईच्या टोकाने, एकेक श्वास रोखून. दांड्याच्या माथ्यावर गोल कड्याची मूठ, तिच्यावर आठ यंत्रबंदुकांची एकच कळ. चाके आत घेण्याची तरफ उजवीकडे. म्हणून जमीन सोडताच उजव्या हातातला दांडा डाव्या हातात घ्यावा लागे. सुरुवातीच्या विमानांत तर त्या उजव्या हाताने पंप मारावा लागे, आणि नवख्याचा डावा हातही त्याबरोबर हलत राहून विमान वरखाली डुलत जाई. जमिनीवरून पाहणाऱ्यांस त्यावरून नवखा ओळखता येत असे.

इथे सचोटीचा एक मुद्दा येतो. आज जी स्पिटफायर विमाने उडतात त्यांत नवे रेडिओ आणि नवे पट्टे असतात. त्यांची छायाचित्रे सुंदर, पण १९४१ च्या कामास जपूनच घ्यावीत अशी. त्या काळचे आधारग्रंथ म्हणजे वैमानिकांसाठी छापलेल्या सूचनांची पुस्तिका, 'एअर पब्लिकेशन १५६५ए', आणि जुने आराखडे. या पंथात मोह असा असतो की जिथे पुरावा नाही तिथे चार तारा जादा घालाव्यात. दाटी दिसली की पाहणारा थक्क होतो. आम्ही एक नियम पाळला: ज्या वस्तूचे काम सांगता येत नाही ती वस्तू करायची नाही. त्यामुळे आमच्या कॉकपिटात काही कोपरे मोकळे आहेत. रंग खरवडलेला दाखवायचा तोही दिसेल तिथे नव्हे. दाराच्या कडेवर, जिथे बूट घासे, आणि बैठकीच्या पुढल्या ओठावर.

एक गोष्ट आम्हांस विशेष धीर देऊन गेली. सप्टेंबर १९४० मध्ये साउदॅम्प्टनचा स्पिटफायरचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. तेव्हा एकाच ठिकाणी सारे बांधण्याचा मार्ग सोडून काम दक्षिण इंग्लंडभर विखुरण्यात आले. मोटारींची गॅरेजे, बसचे डेपो, धुलाईचे कारखाने ताब्यात घेऊन तिथे विमानाचे एकेक अंग होऊ लागले. काम करणाऱ्यांत असंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या कितीएकींनी यापूर्वी रिव्हेट पाहिलेली नव्हती. कोणी फक्त पंखाची कड करी, कोणी फक्त धडाच्या बरगड्या. त्यांचेही काम पुढे पत्र्याआड जाऊन मिटणारे. ते कोणी पाहणार नव्हते. पण कोणाच्या तरी अंगाशी ते असणार होते.

आपल्या घरांत हे तत्त्व नवे नाही. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहतात. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरच ती खरी. नेसणारी ती बाजू जगाला दाखवत नाही, ती तिच्या अंगालाच असते. विमानाची आतली बाजूही तशीच. ती पाहणाऱ्यासाठी नाही, बसणाऱ्यासाठी आहे. तिथली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हाताला न पाहता सापडावी म्हणून त्या ठिकाणी आहे. आम्ही ती करतो तेव्हा आमचा हात काही काळ त्या हाताच्या मागे मागे फिरतो. बाहेरचा रंग देताना हे घडत नाही.

धड मिटले त्या आठवड्यात आमच्या नऊ वर्षांच्या नातीने विमान हातात घेतले. डावीकडले छोटे दार आम्ही उघडे ठेवले आहे आणि काचेचे झाकण मागे सरकवलेले आहे. बराच वेळ आत डोकावून तिने विचारले, "आबा, आग लागली तर हा माणूस बाहेर कसा यायचा?"

आम्ही तिला क्रमाने सांगितले. आधी झाकण मागे सरकवायचे. मग हे दार खाली पाडायचे. मग प्राणवायूची नळी आणि रेडिओची तार ओढून सोडवायची. मग पोटाजवळची खीळ उपसायची, की चारही पट्टे सुटतात. मग स्वतःला बाहेर झोकून द्यायचे. छत्री पाठोपाठ येतेच, कारण तिच्यावरच तो बसलेला असतो.

तिने काडीच्या टोकाने एकेक वस्तू दाखवत ते पुन्हा म्हटले. झाकण, दार, नळी, तार, खीळ. पाचही वस्तू तिला सापडल्या. मग ती म्हणाली, "पण हातमोजे घातले असतील तर खीळ सापडायला वेळ लागत असेल ना?"

लागत असेल.