एका कड्यावरून दोन समुद्र

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या घरांत युंगफ्राऊयोखचे छायाचित्र बहुधा असतेच. पुढे हसरी मुले, मागे शुभ्र बर्फ. त्या बर्फाचा भूगोल पाहायचा मात्र राहून जातो. पहिल्या खेपेस आम्हीही तसेच परतलो होतो. दुसऱ्या खेपेस जरा थांबून पाहिले.

बर्न आणि वाले या दोन प्रांतांच्या सीमेवर बर्नीज आल्प्सची रांग उभी आहे. भूखंडांच्या टकरीतून आल्प्स वर उचलला गेला आणि पुढे हिमनद्यांनी त्याला कोरले. लाउटरब्रुनेनच्या दरीत हे कोरीवकाम उघड दिसते. तळ सपाट, दोन्ही अंगांना ताठ उभे कडे आणि जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा. खाली येता येता त्याच्या पाण्याचे वाऱ्यावर तुषार होतात.

तेथून वर नेणारी रेल्वे हे कापडउद्योगातील एका धाडसी उद्योजकाचे स्वप्न. आडोल्फ गुयर-त्सेलर यांनी १८९६ मध्ये काम सुरू केले; १८९९ मध्ये ते निवर्तले. आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून सुमारे ७ किलोमीटरांचा बोगदा खोदून १९१२ मध्ये गाडी ३,४५४ मीटरांवर पोहोचली. ज्याने पेढी मांडली, त्याला नफा पाहता आला नाही.

वरच्या सज्जातून या रांगेचे खरे मर्म कळते. हा कडा म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. उत्तरेकडे वितळलेले पाणी ल्युटशिने, ब्रिएन्झ सरोवर, आरे आणि ऱ्हाइन या वाटेने उत्तर समुद्रास मिळते. दक्षिणेकडे आलेच ही आल्प्समधील सर्वांत लांब हिमनदी पसरली आहे. तिचे पाणी मासा नदीतून ऱ्होनला, जिनिव्हा सरोवराला आणि शेवटी भूमध्य समुद्राला जाते. शेजारी पडलेल्या दोन हिमकणांचे मार्ग असे कायमचे वेगळे होतात.

हिमनदीचा व्यवहार व्यापाऱ्याला चटकन समजतो. हिवाळ्यातील हिम ही जमा, उन्हाळ्यातील वितळणे हा खर्च. आलेचचा खर्च आता जमेहून अधिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचे टोक ३ किलोमीटरांहून अधिक मागे सरले आहे. व्याज पुरेनासे झाले, मुद्दलाला हात लागला.

खालच्या फीश परिसरातील लोकांनी १६७८ मध्ये व्रत घेतले होते. हिमनदी वाढून पुराचे संकट येऊ नये, म्हणून सदाचाराने राहायचे आणि प्रार्थना करायची. पिढ्यान्‌पिढ्या ते पाळले गेले. हिमनदी आटू लागली, तेव्हा २०१० मध्ये पोपच्या संमतीने त्यांनी प्रार्थनेचा अर्थ उलट केला: आता ती घटू नये! व्रताचे मोल जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना ही हकीकत अंतर्मुख करते.

आपल्या शास्त्रांत दव, धुके, गारा आणि हिम यांची गणना अप्कायातच केली आहे. पाणी तुपासारखे वापरावे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नवानंतर मावळतो. खाली उतरून सूर्यास्तापूर्वी आम्ही निवांत जेवलो. धाकट्याने पेल्यात उरलेले पाणी ओतून न देता पिऊन टाकले. त्याला कोणी काही सांगितले नव्हते.