शुक्रास्तातली अखजी

नागपूरहून सावनेरमार्गे सौंसरची बस धरली तेव्हा सातच वाजले होते, पण ऊन आतापासूनच चटकत होतं. १० मे २०२४, अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. राज्याची हद्द ओलांडली की पाट्या हिंदी होतात, बसमधलं बोलणं मात्र आपलंच राहतं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आंबिया बहराची सुपारीएवढी फळं. इथला पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यातून वेगळा होऊन वर्षही झालं नव्हतं. शेजारचे आजोबा अजून छिंदवाडाच म्हणत होते.

सौंसरजवळच्या मोहगावला जाणं भागच होतं. बाबांची ही पहिली अखजी.

काकूने ओसरीवर पाट मांडला होता. त्यावर नवी घागर, गळ्याला सूत, तोंडावर आंबा. कोरी माती पाझरत होती. घागरीच्या पोटावर थेंब जमायचे, एकमेकांत मिसळायचे आणि पाटावर उतरायचे. काकांनी विस्तवावर घास टाकला, बाबांचं नाव घेतलं.

"उन्हाचे दिवस हायेत बाप्पा, त्याइले तहान लागत असन," काकू म्हणाली.

बाबिलोनची माणसंही मेलेल्यांच्या तहानेची अशीच काळजी वाहत. त्या विधीचं नाव किस्पू. मृतांची नावं घ्यायची, अन्न ठेवायचं, गार पाणी ओतायचं. ते खाली पोचावं म्हणून जमिनीत नळीही बसवत. कारण त्यांच्या पाताळात स्वर्ग-नरकाचा निवाडा नव्हता, सगळ्यांना एकच अंधारं घर, आणि तिथलं अन्न म्हणजे माती. त्यांच्या एका कथेत राजा गिल्गामेश पाताळ पाहून आलेल्या मित्राला, एन्किदूला, एकेकाची खबर विचारतो. सात मुलांचा बाप देवांच्या पंगतीला बसलेला असतो. ज्याला मागे कुणीच नाही तो भांड्यांची खरवड खातो. ते वाचलं तेव्हा बाबा होते. आता त्या घागरीसमोर मला ते नीट कळलं.

उन्हं कलल्यावर काकांबरोबर अर्धनारीश्वराच्या देवळात गेलो. शुक्राचार्यांनी इथेच तप करून महादेवाकडून मृतसंजीवनी मिळवली, अशी गावाची श्रद्धा. मेलेले दैत्य उठवणारा तो गुरू म्हणजे आकाशातला शुक्र. आणि सुमेरमध्ये याच शुक्राची देवी इनान्ना, पुढे बाबिलोनची इश्तार. ती थोरल्या बहिणीच्या, एरेश्किगालच्या, पाताळात उतरते. दारं सात. द्वारपाल नेती प्रत्येक दारात काही ना काही काढून घेतो: मुकुट, गळ्यातले मणी, शेवटी अंगावरचं वस्त्र. मग ती मरते, तिचं प्रेत खुंटीला टांगतात. एन्की हा देव नखातल्या मळातून दोन जीव घडवतो, त्यांच्या हाती जीवनाचं अन्न आणि पाणी देतो, ते शिंपडल्यावर ती उठते. सुटका मात्र फुकट नाही: तिच्या जागी नवरा दुमुझी अर्धं वर्ष खाली राहतो, उरलेलं अर्धं त्याची बहीण.

मला वाटतं, या कथेचं मूळ आभाळातच असावं. शुक्र मावळतो, दिवसच्या दिवस दिसत नाही, पुन्हा उगवतो. बाबिलोनच्या अम्मिसदुका राजाच्या काळातली, एकवीस वर्षांच्या अशा उदयास्तांची नोंद मातीच्या पाटीवर आहे. आपल्या पंचांगातही ती असते, आणि त्या वर्षी त्यात अखजीसारख्या दिवशीही लग्नाचा मुहूर्त नव्हता, कारण शुक्राचा अस्त होता.

"आखाडात निघन चांदनी," पश्चिमेकडे पाहत काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर दोन बोटं उतरलेली दिसली.

"पेले तुहे बाबा," काकू म्हणाली, आणि तांब्याने ती पुन्हा काठोकाठ भरली.