माशांची जमीन

गेल्या दिवाळीत नातवाने काचेची पेटी आणली. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड मासे पाळायचे त्याच्या मनात होते. आम्ही नाल्याची वाळू घातली, तिच्यावर दगड रचले. त्या सरोवरात नर वाळूत खळगे करतात, मादी तिथे अंडी घालते. म्हणून उकरणे ही या माशांची जातच, हे आम्हाला कुठे ठाऊक? आठ दिवसांत दगडाखालची वाळू उपसली गेली, दगड कलंडला, काच तडकली. दोन मासे दगावले. पोरगे त्या रात्री जेवले नाही.

मग नव्याने मांडणी केली. भुसभुशीत मातीवर कोणी घराचा पाया घेत नाही. आधी दगड थेट तळावर पक्के बसवले, मग भोवती दोन इंच वाळू पसरली. वाळू बारीक, बोथट कणांची. पाणी निवळ निघेपर्यंत बादलीत धुतलेली.

दुसरी गोष्ट चुन्याची. मलावीचे पाणी विम्ल, सामू ८ च्या आसपास. आमची वाळू लिंबू पिळले तरी गप्प. वावरातली चुनखड मात्र लगेच फसफसली. तिच्यापायी संत्र्याची पाने पिवळी पडतात म्हणून मी जन्मभर तिला शिव्या दिल्या. या माशांना तीच मानवते! तिचे चार धुतलेले खडे आणि कोंबड्यांना घालतो तो शिंपल्यांचा चुरा मूठभर, वाळूत मिसळला.

आता मासे खुशाल उकरतात, दगड हलत नाही. पीक घेण्याआधी आपण जमीन पाहतो. या मुक्या जिवांची जमीन आधी पाहिली असती, तर ते दोन मासे आज असते.