काकडाचे भाऊबंद थेट लिमात!

कासा-सायवन रस्त्यालगतच्या काकडाच्या झाडाचं एक पान मी सहज चुरगाळलं आणि जागीच थबकले! देठातून कैरी तोडली की चीक उडतो ना, अगदी तोच हिरवा, नाकात चढणारा दर्प. सोबतच्या वारली मावशी म्हणाल्या, "याची फळं आम्ही खातो. आंबट असतात." त्यांना त्यात नवल काय वाटणार! माझ्या मात्र डोक्यातून तो वास जाईना.

घरी आल्या आल्या विश्वकोश काढला. काकड निघाला गुग्गुळाच्या कुळातला! सातपुड्यातली सालई याच कुळातली, ओमान-सोमालियाचा धूप देणारं झाड याच कुळातलं, आणि मैत्रिणीने पेरू देशातून आणून दिलेली पालो सांतो नावाच्या वासाच्या लाकडाची काडीसुद्धा! आंब्याचं कुळ तर यांचं अगदी सख्खं शेजारी. म्हणजे कैरी आठवली ती उगाच नव्हे.

या कुळाच्या सालीत राळेच्या बारीक नळ्या असतात. घाव बसला की राळ पाझरते, वाळते, किडी-बुरशीला वाट अडवते. झाड स्वतःच्या जखमेवर जे लावतं तेच माणूस निखाऱ्यावर ठेवून देवापुढे धरतो. किती विलक्षण आहे हे!

पालो सांतोचा प्रकार त्याहून अजब. इक्वेडोर आणि उत्तर पेरूच्या किनारी कोरड्या रानात हे झाड वाढतं. जिवंतपणी त्याच्या लाकडाला फारसा वास नाही. आपोआप मेलेलं झाड वर्षानुवर्षं रानात पडून राहतं, तेव्हा कुठे आतलं तेल मुरतं. मी काडी पेटवून विझवली, तर धुरात चक्क लिंबाची साल!

आणि त्याच पेरूच्या राजधानीतली, लिमातली, धुपाची मिरवणूक! 1651 मध्ये एका अंगोलन गुलामाने भिंतीवर येशू रंगवला. 1655 च्या भूकंपात आजूबाजूचं पडलं, ती भिंत उभी राहिली. आजही ऑक्टोबरात त्या चित्राची प्रतिकृती रस्त्यावर निघते. जांभळ्या वेषातल्या, डोक्यावर पांढरी जाळीदार ओढणी घेतलेल्या बायका धूपपात्रं धरून चित्राकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतात. तिकडे अँडीजमध्ये ऑगस्टात पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, निखाऱ्यावर नैवेद्य देतात. इकडे वारली घरात नवा भात देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. धरित्रीचा मान आधी, हे दोन्हीकडे पक्कं!

आता मला सालई पाहायचीच आहे. थंडीत तिच्या खोडाची साल पट्ट्यापुरती तासतात, चिकट राळ थेंबाथेंबाने उतरते, मग ती खरवडून टोपलीत घेतात आणि वाळवतात. तासणारा हात खोल गेला तर झाडच खचतं, म्हणून बेताने तासणाऱ्या जाणत्या माणसाबरोबरच रानात जायचं ठरवलंय. नंदुरबारची चौकशी सुरू केलीय!