लाब्रीचा गळा

ड्रीम थिएटर या बँडचे चार चाहते एकत्र आले की पेट्रुचीच्या गिटारवर एकमत व्हायला वेळ लागत नाही. गाडी अडते ती गायकापाशी, जेम्स लाब्रीपाशी. पुण्यातल्या आमच्या टोळक्यातही तेच व्हायचं. एकाचा ठरलेला हेका, "वाजवणं इतकं जबरदस्त आहे, हा मध्येच गातो कशाला?" दुसरा तबला शिकलेला. 'द डान्स ऑफ इटर्निटी' लावून तो बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत बसायचा, हिशेब चुकला की गाणं मागे न्यायचा. त्यात गायकच नसल्यामुळे पहिला खूश.

मी मात्र लाब्रीच्या बाजूने भांडायचो. आजही भांडतो.

बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९८५ साली जॉन पेट्रुची, जॉन मायुंग आणि माइक पोर्टनॉय यांनी हा बँड उभा केला. १९८९ च्या पहिल्या अल्बमवर चार्ली डॉमिनिची गातो. तो या पोरांपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा. त्याचा आवाज स्वच्छ आणि गोड आहे, पण 'द किलिंग हँड'मध्ये वाद्यांचा जोर वाढला की तो मागे पडतो, असं माझं मत. १९९१ मध्ये कॅनडाचा लाब्री आला आणि पुढच्याच वर्षी 'इमेजेस अँड वर्ड्स'. त्यातल्या 'लर्निंग टू लिव्ह'मध्ये तो जो चढा स्वर लावतो, तो ऐकून विरोधी पक्षही गप्प व्हायचा. मग लगेच पुढचा वार, "हे रेकॉर्डिंगमधलं. नंतरच्या कार्यक्रमांत कुठे गेला तो स्वर?"

याचं उत्तर १९९४ च्या डिसेंबरमध्ये आहे. क्युबात सुट्टीवर असताना लाब्रीला अन्नातून विषबाधा झाली आणि उलट्यांच्या जोराने त्याच्या स्वरतंतूंना गंभीर इजा झाली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, तरी जानेवारीत तो जपानच्या दौऱ्यावर उभा राहिला. पुढची काही वर्षं गळा पूर्वीसारखा नव्हता, हे त्याने स्वतःच सांगितलंय. चाहते त्याच्या नावावर ज्या वाईट रात्री मांडतात, त्यातल्या कितीतरी याच काळातल्या. जखमी गळ्याने रोज रात्री पोर्टनॉयच्या ड्रम्सवरून आवाज पोचवायचा, याला मी कमकुवतपणा म्हणणार नाही.

वाद फार तापला की मी 'स्पेस-डाय व्हेस्ट' काढतो. बँडचा तेव्हाचा कीबोर्डवादक केविन मूर याचं हे गाणं, पियानोवर सुरू होणारं, 'अवेक' या १९९४ च्या अल्बममधलं. म्हणजे दुखापतीआधीचं. मंचावर बँडने ते कित्येक वर्षं वाजवलंच नाही. २०१४ मध्ये बोस्टन ऑपेरा हाऊसमध्ये वाजवलं, तेव्हा लाब्री पन्नाशीचा होता. दोन्ही रेकॉर्डिंग मी पाठोपाठ ऐकवतो. पहिल्यात तरुण आवाज दुःख सांगतो. दुसऱ्यात तो शब्दांवर थोडा जास्त रेंगाळतो, खालच्या स्वरांत वजन आहे, श्वासही ऐकू येतो. मला दुसरं जास्त भिडतं.

तबलेवाला मित्र आता माझ्या बाजूला आहे. पहिला अजून 'वाजवणंच ऐका' म्हणतो. मध्यंतरी बँड सोडून गेलेला पोर्टनॉय २०२३ मध्ये परतला आणि २०२५ मध्ये 'पॅरासोम्निया' आला, तेव्हापासून आमच्यात मधल्या काळातल्या मांजिनीचे ड्रम्स बरे की पोर्टनॉयचे, हा आणखी एक वाद सुरू झालाय. त्यात मी पोर्टनॉयकडून आहे.