कॉम्प्युटर चालू, स्क्रीन काळी

घरचा कॉम्प्युटर चालू व्हायचा, पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळीच. परभणीच्या कृषी विद्यापीठातले माती परीक्षणाचे अहवाल अन् सोयाबीनच्या 5 हंगामांच्या नोंदी त्यातच. "डबा गेला, नवा घ्या," एकजण म्हणाला. पण मोटर फिरती अन् पाणी येत नाही, म्हणून आपण लगेच मोटर बदलतो का? आधी फूटव्हॉल्व्ह बघतो.

केबल बदलून पाहिली, फरक नाही. मग प्लग काढून झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढली. तिची सोनेरी टोकं खोडरबरानं हलक्या हातानं पुसली, खट्ट वाजेपर्यंत परत दाबली. चित्र आलं! धूळ अन् दमट हवेनं तिथला जोड बिघडतो.

नोंदी हार्ड डिस्कमधी असतात. स्क्रीन काळी झाली म्हणून त्या जात नाहीत. तरी पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवाच.