झिरमिळ्यांपासून कामट्यांपर्यंत

आमच्या पिढीच्या घरांत सणाची सजावट हे सगळ्यांनी वाटून घेतलेलं काम होतं, आणि त्या कामात वयाप्रमाणे बढती मिळायची. अगदी लहान पोरांकडे आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या. हात जरा स्थिर झाला की पतंगी कागद चिकटवणं. कातर सरळ चालायला लागली की घोटीव कागदाची नक्षी. आणि शेवटी कामट्या तासायचा धारदार चाकू. दहावी पास झाल्याचे पेढे वाड्यात सगळ्यांचेच वाटले जायचे, पण चाकू हातात यायला थोरल्या काकांची परवानगी लागे. ती ज्याला मिळाली, त्याच्याकडे बाकीची भावंडं वर्षभर आदरानं बघायची.

आता मी खराडीत हस्तकलेच्या सामानाच्या एका दुकानात काम करते. मुलाची नोकरी इथल्या आयटी कंपनीत, म्हणून जुन्या पुण्यातली पेठ सोडून आम्ही इकडे आलो. हाताला काम हवं म्हणून मी दुकानात जायला लागले आणि तिथलीच झाले. गिऱ्हाइकं मला काकू म्हणतात, त्यांची मुलं आजी म्हणतात. माझ्या मुलाच्या वयाचे मालक कधी काकू म्हणतात, कधी आजी. सणाच्या तोंडावर हमखास आजी, कारण तेव्हा थोडं जास्त थांबायची विनंती करायची असते!

आमच्या लहानपणी खराडी म्हणजे नगर रस्त्यावरचं, मुळा-मुठेच्या काठचं शेतीचं गाव. येरवडा ओलांडला की पुणं संपलं, असं पेठेतली माणसं खुशाल म्हणत. 1997 साली हे गाव महापालिकेत आलं. मग इऑनसारखी आयटी पार्कं झाली, इमारती उठल्या आणि देशभरातली माणसं इथं राहायला आली. त्यामुळे आमच्या दुकानाच्या मांडणीवर अख्ख्या देशाचं पंचांग असतं. राख्या उतरल्या की जन्माष्टमीचा पाळणा, लगेच गणपतीची मखरं, गौरींचे मुखवटे. मधेच कुणी ओणमच्या फुलांच्या रांगोळीसाठी गोल साचा मागतं, कुणाला दुर्गापूजेसाठी लाल-पांढरं कापड हवं असतं, कुणाला नवरात्रात बाहुल्या मांडायच्या गोलूच्या पायऱ्यांवर अंथरायला जरीची किनार. दिवाळीचे कंदील अजून लटकत असतात तोच नाताळाची झाडं येतात. एका वर्षी जागा नव्हती म्हणून सांताक्लॉजची खोकी आणि गौरींचे उरलेले मुखवटे एकाच फळीवर ठेवावे लागले. एका आजीबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहुणे आलेत वाटतं माहेरवाशिणींकडे!" त्या दिवशी दुकानात जो येईल त्याला आम्ही हे सांगत होतो.

ही सगळी गर्दी बघताना मला आमचं घर आठवतं, आणि माझ्या वयाच्या कुणालाही आपापलं आठवेल. दिवाळीच्या आधी बुरुड आळीतून बांबूच्या कामट्या यायच्या. काका त्या तासून सारख्या मापाच्या करायचे. त्यांचे सहा चौकोन बांधायचे आणि ते चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून दोऱ्यानं जोडायचे. जोडले की मधे आठ त्रिकोण आपोआप तयार व्हायचे. भूमितीच्या बाईंनी हे आम्हाला फळ्यावर कधी दाखवलं नाही, ते काकांनी ओसरीवर दाखवलं. वरचा चौकोन दिवा सोडायला मोकळा, बाकीच्यांवर रंगीत कागद, खाली झिरमिळ्या. कोणत्या चौकोनाला कोणता रंग, यावर बहिणींचं एकमत व्हायला मात्र कामट्या तासण्यापेक्षा जास्त वेळ लागे.

चिकटवायला आजीनं केलेली खळ. पातेल्यात गव्हाचं पीठ आणि पाणी, मंद आच, गुठळी होऊ नये म्हणून सतत ढवळणं. किडे लागू नयेत म्हणून आजी त्यात चिमूटभर मोरचूद घालायची आणि ते पातेलं स्वयंपाकघराबाहेर, आमचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवायची. फेविकॉल 1959 पासून बाजारात होता, पण आमच्याकडे त्याची छोटी बाटली महत्त्वाच्या कामासाठी जपून ठेवलेली असे. महत्त्वाचं काम कोणतं, ते आजी ठरवायची, आणि सहसा ते निघायचंच नाही.

गणपतीचं मखर म्हणजे लाकडी चौकट, तिच्यावर घोटीव कागदाची कातरलेली नक्षी, सोनेरी बेगड आणि आईच्या विरलेल्या शालूचे काठ. ते काठ दरवर्षी उसवायचे, विसर्जनानंतर इस्त्री करून ट्रंकेत ठेवायचे आणि पुढच्या वर्षी नव्या जागी लावायचे. सगळ्यात मोठा सोहळा दिव्यांच्या माळेचा. तेव्हाच्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची. मग वडील चष्मा कपाळावर चढवून एकेक बल्ब काढायचे, कानाशी धरून हलवायचे आणि पुन्हा बसवायचे. आम्ही भोवती बसून आपापला बल्ब सांगायचो. ज्याचा अंदाज खरा ठरे, त्याला त्या दिवशीच्या आरतीत झांजा मिळत.

गणपतीत रात्री सगळं घर पायी देखावे बघायला निघायचं. कसबा, जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा असे मानाचे पाच आणि मग दगडूशेठ. तिथे शिल्पकार डी. एस. खटावकरांनी उभारलेले महाल आणि मंदिरं आम्ही मान वर करून, तोंड उघडं ठेवून पाहायचो. परतताना लहान भावंडं मोठ्यांच्या खांद्यावर झोपलेली असत, पण काकांच्या डोक्यात आराखडा सुरू झालेला असे. पुढच्या वर्षी आमच्या मखराला कमानी फुटत.

बायकांच्या हातची कामं वेगळी. गौरी अनुराधा नक्षत्रावर येणार, ज्येष्ठावर जेवणार, मूळ नक्षत्रावर जाणार. त्या 3 दिवसांसाठी आत्या मुखवटे पुसण्यापासून निऱ्यांपर्यंत सगळं स्वतः पाहायच्या. गौरींची निरी चुकली तर त्या ती पूर्ण सोडून पुन्हा घालत, मग दारात सवाष्ण जेवायला येऊन उभी असली तरी. चैत्रात गौरीपुढे कलिंगडाचं कमळ, कैरीची डाळ, पन्हं. संक्रांतीला शेगडीच्या मंद आचेवर तिळावर आणि खसखशीवर साखरेचा पाक थेंबाथेंबानं सोडत, बोटांनी हलवत काटेरी हलवा व्हायचा. त्याचे दागिने ओवून नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालायचे. बाळाचं लक्ष फक्त बाजूबंद चाटण्याकडे. लग्न ठरलं की रुखवत. काड्यापेटीच्या काड्यांचं घर, लोकरीचं तोरण, मण्यांची महिरप, सप्तपदीच्या सुपाऱ्या. त्यासाठी शेजारच्या चार घरांतल्या मुली दुपारी आमच्या माडीवर जमायच्या. कोणाचं लग्न आहे, ते बाहेरून आलेल्याला ओळखू येऊ नये, इतक्या सगळ्या जणी मन लावून काम करायच्या.

मुलांचं स्वतंत्र राज्य म्हणजे किल्ला. दगडविटांवर चिखलात भिजवलेलं गोणपाट, वरून हळीव पेरलेले, कुंभारवाड्यातले मातीचे मावळे आणि सिंहासनावर महाराज. हळिवाला कोंब फुटले की गडावर जंगल आलं.

पुढे थर्माकोल आला. हलका, पांढराशुभ्र, तापलेल्या तारेनं हवा तसा कापता येणारा. पेठांमधल्या कितीतरी हुशार कारागिरांनी त्यातून देवळं आणि राजवाडे उभे केले. पण तो कुजत नाही. विसर्जनानंतर तो घाटावर आणि नदीत तसाच दिसायचा. 23 मार्च 2018 ला राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. सजावटवाल्यांनी गणपतीपुरती सवलत मागितली, ती मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत नाकारली. तेव्हापासून घडीची पुठ्ठ्याची मखरं, कापड, बांबू, कागद यांना पुन्हा मागणी आली. पेठेतल्या आमच्या ट्रंकेत जे सामान होतं, ते आता खराडीच्या काचेच्या दुकानात मी विकते. याचा मला मनापासून आनंद आहे.

सामान आलं, पण ते हाताळायची सवय घराघरांतून सुटली. रात्री 9 वाजता गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले बाबा येतात आणि म्हणतात, "काकू, उद्या शाळेत ज्वालामुखी न्यायचाय." मी त्यांना पुठ्ठा, जुनं वर्तमानपत्र आणि रंग देते आणि सांगते, की ज्वालामुखी मुलाला करू द्या, तुम्ही फक्त कागद भिजवा. एक बाबा दोन दिवसांनी येऊन म्हणाले, "काकू, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. मी फक्त कागद भिजवला, आणि तोही नीट भिजवला नाही म्हणून लेक मला ओरडली." अशा बाबांना मी नेहमी सांगते, की घराण्यात शिकणं असंच सुरू होतं.

मागच्या दिवाळीत एका जोडप्याला तयार कंदील घ्यायचा होता. बरोबरच्या लेकीनं कामट्यांची जुडी उचलली आणि सोडेचना. मी तिघांना खाली बसवलं आणि सहा चौकोन कसे बांधायचे ते दाखवलं. दुकानात गर्दी होती, मालक गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. थोड्या वेळानं तेही येऊन बसले आणि दोरा धरायला लागले. कुणाला काय काम द्यायचं ते मी ठरवलं. झिरमिळ्या लेकीला, कागद आईला, चौकोन वडिलांना. मालकांना मी चाकू दिला नाही, कारण त्यांची अजून झिरमिळ्यांपासूनच सुरुवात व्हायची होती. हे त्यांना तिथेच सांगितलं आणि ते मनमोकळं हसले.

इतकी वर्षं हे सामान हाताळून माझं मत पक्कं झालं आहे. सजावट दोन दिवसांत उतरवली जाते. तिच्यामुळे घरातल्या माणसांना एकमेकांच्या शेजारी बसून करायला मिळालेलं काम टिकतं, आणि त्यातून मुलांना हात चालवायची अक्कल येते. ही अक्कल आमच्या पिढीला कुठल्या शिबिरात मिळाली नाही, ती आजीच्या खळीच्या पातेल्याशेजारी मिळाली.

म्हणून माझं वाचकांना एवढंच सांगणं आहे. वेळ नसेल तर मखर विकत आणा, कंदील विकत आणा, त्यात काही वावगं नाही. पण सणातलं एक काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या. ते वाकडं झालं तरी तसंच दारात लावा. आणि पुढच्या वर्षी आठवणीनं त्याला बढती द्या.